युनिट सोडून आयआरआरमध्ये जायचंय? आधी पेन्शनची वर्षं मोजा

अमेरिकेच्या सैन्यात मावनी योजनेतून, म्हणजे हिंदीसारखी भाषा किंवा वैद्यकीय शिक्षण यांच्या जोरावर ग्रीन कार्ड नसताना जे भरती झाले, त्यातल्या २००९-१० च्या मंडळींना आता पेन्शन दिसू लागली आहे. चार वर्षं ॲक्टिव्ह म्हणजे पूर्णवेळ, मग आर्मी रिझर्व्हचं, म्हणजे अर्धवेळ राखीव सैन्याचं, युनिट, मग लग्न, मुलं, डॅलसला किंवा न्यू जर्सीला घर. आणि मग हमखास प्रश्न येतो : "आयआरआरमध्ये बदली घेतली तर तैनाती टळेल ना?"

टळेलच असं नाही. आयआरआर (इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह) म्हणजे ड्रिल, अर्थात युनिटचा ठरलेला सराव, नाही, पगार नाही, पण नाव यादीत आहे. ती यादी रेडी रिझर्व्हचाच, म्हणजे गरज पडल्यास बोलावता येणाऱ्या राखीव सैन्याचाच, भाग आहे. २००४ मध्ये इराकसाठी आर्मीने याच यादीतून सुमारे ५,६०० जणांना सक्तीने परत बोलावण्याची घोषणा केली होती. त्यातले कित्येक जण आपण सैन्य सोडलं असंच धरून चालले होते. उलट ॲक्टिव्हमधून थेट युनिटमध्ये येणाऱ्याला सुरुवातीचा काही काळ तैनातीतून सूट देण्याची सोय आर्मीत आहे. मात्र ती करारात लिहून घ्या. भरती करणाऱ्या सार्जंटचं तोंडी आश्वासन पुढच्या कमांडरला बंधनकारक नसतं. आणि युनिटला तैनातीचा अलर्ट मिळाल्यावर बदलीचा अर्ज केलात, तर तो अडकला म्हणून समजा.

आता पेन्शन. पात्रतेला २० 'चांगली वर्षं' लागतात आणि चांगलं वर्ष म्हणजे किमान ५० पॉइंट. नाव यादीत असल्याचे १५ मिळतात, वर्षभराच्या ड्रिलचे ४८, दोन आठवड्यांच्या वार्षिक प्रशिक्षणाचे १४. झाले ७७. आयआरआरमध्ये फक्त ते १५ हातात येतात. उरलेले ३५ मंजूर अभ्यासक्रम करून किंवा थोड्या दिवसांची ड्युटी मागून तुम्हीच गोळा करायचे. सुरुवातीला सगळे म्हणतात "करू की". पुढे त्याच लोकांची सलग तीन-तीन वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

सगळ्यात जास्त माणसं जिथे आपटतात ती जागा म्हणजे वर्ष कधी संपतं. ते ३१ डिसेंबरला संपत नाही, सरकारी आर्थिक वर्षाबरोबर ३० सप्टेंबरलाही नाही. ते तुमच्या सेवेच्या तारखेवरून मोजतात. समजा तुमचं वर्ष १२ सप्टेंबरला संपतं आणि त्या दिवशी खात्यात ४६ पॉइंट आहेत. २०-२१ सप्टेंबरला ड्रिल करून चार मिळवलेत, तरी ते पुढच्या वर्षात पडले. ते ४६ पेन्शनच्या रकमेत धरले जातात, पण २० मधलं एक वर्ष गेलं ते गेलंच. डीए ५०१६ नावाच्या पॉइंटच्या पत्रकावर तुमची तारीख छापलेली असते. दरवर्षी ते पत्रक काढा आणि ड्रिलची हजेरी ताडून पाहा. क्लार्कने न चढवलेला वीकएंड लगेच दुरुस्त होतो. बारा वर्षांनी मात्र तो सिद्ध करायला कागद लागतो, आणि तो कागद कुणाकडेच नसतो.

तैनातीचा पेन्शनशी संबंध आहे, आणि तो तुमच्या फायद्याचा आहे. रिझर्व्हची पेन्शन साठाव्या वर्षी सुरू होते. पण २८ जानेवारी २००८ नंतरच्या पात्र ॲक्टिव्ह ड्युटीच्या दर ९० दिवसांमागे ते वय तीन महिन्यांनी खाली येतं, पन्नासपर्यंत. ८९ दिवस झाले तर शून्य. ऑक्टोबर २०१४ च्या आधीच्या सेवेत ते ९० दिवस एकाच आर्थिक वर्षात बसावे लागतात. म्हणजे २०११ च्या ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केलेली सेवा ९० दिवसांची असूनही उपयोगाची नाही. हा नियम कुणाच्या सोयीचा होता, ते अमेरिकन काँग्रेसलाच (तिथल्या संसदेला) विचारा.

वार्षिक प्रशिक्षण यात धरत नाहीत. नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या राखीव दलात, राज्याच्या हुकमावर पूर-वादळात केलेलं कामही नाही. ऑर्डर अमेरिकी कायद्याच्या (टायटल १०) कोणत्या कलमाखाली निघाली यावर सगळं ठरतं; चालणारी कलमं म्हणजे १२३०१(डी), १२३०२, १२३०४ वगैरे. त्यामुळे नुसतं डीडी-२१४ (सेवा संपल्याचा दाखला) जपून भागत नाही. मूळ ऑर्डर आणि तिच्यातली प्रत्येक दुरुस्ती जपा. पेन्शनचं वय कमी करून घेण्याचा अर्ज परत येतो तो बहुतेक याच कागदापायी, कारण घर बदलताना ऑर्डरचा गठ्ठा पहिल्यांदा कचऱ्यात जातो.

अर्जाचं म्हणाल तर युनिट बदलण्याचा किंवा आयआरआरचा अर्ज डीए ४६५१ वर होतो, आणि दुसऱ्या दलात जायचं तर आधी डीडी ३६८ वर सोडपत्र घ्यावं लागतं. यात विशेष काही नाही. एवढंच की अठरा चांगली वर्षं झाली असतील तर स्वतःहून बाहेर पडायच्या कागदावर सही करू नका. अठरा ते वीसच्या मध्ये असलेल्याला सहसा सक्तीने काढता येत नाही. ते संरक्षण आपल्या हाताने कशाला सोडायचं?

वीस वर्षं भरली की पात्रतेचं पत्र येतं. त्यानंतर ९० दिवसांत डीडी २६५६-५ भरून, तुमच्यामागे जोडीदाराला पेन्शन मिळावी का, ते कळवायचं असतं. कळवलं नाहीत तर पूर्ण संरक्षण आपोआप लागू होतं आणि त्याचा हप्ता पुढे पेन्शनमधून कापला जातो. त्याहून कमी संरक्षण हवं असेल तर जोडीदाराची सही लागते, तीही नोटरीसमोर. नवरा इथे आणि बायको सासू-सासऱ्यांपाशी साताऱ्याला, असं असेल तर ९० दिवस भुर्रकन जातात.

पेन्शन आपोआप सुरू होत नाही. डीडी १०८ आणि डीडी २६५६ भरून ती मागावी लागते, आणि वय कमी करून घेतलं असेल तर त्या जुन्या ऑर्डरी सोबत जोडाव्या लागतात. पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू झाली तरी निवृत्तांचा नेहमीचा ट्रायकेअर आरोग्य विमा साठीनंतरच मिळतो. मधल्या काळात विकत घेता येतो तो पूर्ण हप्त्याचा, आणि तो हप्ता चांगलाच जड आहे. त्यामुळे नोकरीवरचा विमा त्या दोन वर्षांत सोडू नका.