काकूंची मांडणी आणि माझा सबवूफर

सिनेमातलं विमान उडायचं माझ्या हॉलमध्ये, सबवूफर या खर्जाच्या स्पीकरवर, आणि वाट्या वाजायच्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. मुलुंडच्या आमच्या इमारतीत या दोन खोल्यांची भिंत एकच, आणि तिच्यावरच काकूंची स्टीलची मांडणी ठोकलेली. एकदा लेकाला तो प्रसंग लावायला सांगून मी स्वतः पलीकडे जाऊन उभा राहिलो. संवाद एकही कळेना, पण मांडणीवर हात ठेवला तर तळव्याला मुंग्या आल्या. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप मात्र निवांत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आकडा तिच्या आतच होता.

यात अ‍ॅपचा दोष नाही. हे मोजमाप आपल्या कानासारखं चालतं, आणि कान खर्जाला मंद. म्हणून 40 हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला 40 कंपनांचा खोल आवाज मोजताना त्यातून सुमारे 35 डेसिबल वजा होतात. वाट्यांना हा हिशेब कोण सांगणार?

आधी मी सगळे करतात तेच केलं, भिंतीवर फोम चिकटवला. माझ्या खोलीतला घुमारा गेला, संवाद स्वच्छ झाले, काकूंना काडीचा फरक पडला नाही. फोममधून फुंकर आरपार जाते, मग आवाजाला कोण अडवणार? त्यातून 40 हर्ट्‌झची लाट साडेआठ मीटर लांब. ती फोमने नीट शोषायची तर दोनेक मीटर जाडी हवी, म्हणजे मला बसायलाच जागा नाही.

आवाज अडतो तो मुख्यतः वजनाने. भिंत दुप्पट जड केली की साधारण 6 डेसिबल जास्त अडतात. जुन्या इमारतींतली 9 इंची विटांची भिंत चौरस मीटरला 400 किलोच्या वर भरते. आमच्याकडे 6 इंची हलके ब्लॉक, गिलावा सोडला तर जेमतेम 100 किलो. शिवाय सूर जितका खालचा तितकी भिंत दुबळी. कागदावरच्या हिशेबाने 1000 हर्ट्‌झच्या तुलनेत 40 हर्ट्‌झला ती 28 डेसिबलने कमी पडते. बोलणं अडतं आणि धडधड जाते, ते यामुळे. आणखी एक विटांची भिंत बांधावी म्हटलं तर ते वजन स्लॅबवर येणार; स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो विचारही नको.

उरला मार्ग म्हणजे मूळ भिंतीपासून सुटा असा बोर्डांचा दुसरा पडदा. इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. दोन वजनांमध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि एका ठरावीक सुरावर सगळं मिळून डोलायला लागतं. जिप्सम बोर्डाचा एकच थर आणि मागे इंचभर पोकळी असेल, तर तो सूर येतो सव्वाशे हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे ऐन ढोलाच्या पट्टीत. तिथे पडदा नसता तर बरं, अशी गत होते. दोन थर, चार इंच पोकळी आणि आत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) घातलं की तो सूर 45 हर्ट्‌झच्या खाली सरकतो. त्याच्या बराच वरचा सगळा आवाज मग चांगला अडतो. बारा फुटी भिंतीला चार-पाच इंच म्हणजे पाचेक चौरस फूट जागा गेली. मुंबईत पाच चौरस फूट! बायको दोन दिवस बोलली नाही.

सुतारमिस्त्रींशी वाद झाला तो स्क्रूवरून. “साहेब, मागच्या भिंतीला चार स्क्रू मारू द्या, नाहीतर हलेल.” त्यांचं खरं होतं, पण तेच चार स्क्रू आवाजाचे पूल झाले असते. शेवटी सांगाडा फक्त जमिनीला आणि छताला धरला, खाली-वर रबराची पट्टी घालून. कडेच्या फटी सीलंटने बुजवल्या आणि पाठीला पाठ लावून बसलेले स्विचबोर्डचे डबेही. भिंतीचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची लोखंडाची असो, 20 डेसिबलच्या वर काही अडत नाही.

काकूंच्या वाट्या आता गप्प आहेत. परवा जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले, म्हणाले, “तुमच्याकडे रात्री चक्की चालते का हो?” भिंत सुटी केली, पण सबवूफर लादीवरच होता, आणि त्यांचं छत म्हणजे माझीच जमीन. सध्या तो जाड रबरावर ठेवलाय. लादीतून थेट जाणारा हादरा त्याने कमी झाला, पण हवेतून स्लॅबला बसणारा धक्का काही थांबत नाही. रात्री दहानंतर मी त्याचा प्लगच काढून ठेवतो.