अखाया संघाचे चांदीचे अर्धद्राख्म: नाणे हातात आल्यावर काय पाहावे

दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनेसस द्वीपकल्पातल्या शहरांनी इ.स.पू. २८० मध्ये अखाया संघ पुन्हा उभा केला. पुढे अनेक शहरे आपापली अर्धद्राख्मे, म्हणजे द्राख्म या ग्रीक नाण्याच्या निम्मी नाणी, पाडत, नमुना मात्र एकच: पुढे ग्रीक देव झ्यूसचे मस्तक, मागे पानांच्या हारात अल्फा आणि खी ही ग्रीक अक्षरे एकात एक गुंफलेली. शहर ओळखायचे ते या जोडाक्षराभोवतीच्या बारीक खुणांवरून. दहापट भिंग घ्या आणि उजेड तिरपा पाडा. कबुतर सिक्योनचे, पंखवाला घोडा कोरिंथचा, बोकडाचे पुढचे अंग ऐगेराचे. दोन टोप्या दिसल्या तर स्पार्टा. ते संघात आले इ.स.पू. १९२ मध्ये, म्हणजे नाणे त्याआधीचे नाही. छाप बऱ्याचदा सरकलेला असतो आणि नेमकी खूणच काठाबाहेर जाते. अशा नाण्याला आम्ही शहर लावत नाही, किंमतही कमी धरतो.

इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने कोरिंथ उद्ध्वस्त केले. जुन्या याद्या नाणीही तिथेच संपवतात; आता अभ्यासक त्यातली काही पुढच्या शतकात नेतात. पाकिटावर ‘दुसरे-पहिले शतक’ असे मोघम लिहिलेले दिसेल ते यामुळे.

वजन साधारण २.३ ते २.४ ग्रॅम, व्यास १४ ते १६ मिमी. झिजलेले नाणे हलके भरते, त्यामुळे नुसत्या वजनावरून खोटे ठरवू नका. काठावर किंवा झ्यूसच्या गालावर तांबूस ठिपका असेल तर आत तांब्याचा गाभा असू शकतो. असली मुलाम्याची नाणी त्या काळातही चालत. घनता मोजायची तर ०.००१ ग्रॅमचा काटा हवा. २.४ ग्रॅम शुद्ध चांदी पाण्यात ०.२३ ग्रॅमने हलकी होते, तांबे ०.२७ ने. साध्या ०.०१ च्या काट्यावर एवढ्या फरकाचा भरवसा नाही. काठावर सलग शिवण दिसली, तर नाणे ओतीव आहे. सरळ आमच्याकडे परत आणा.

चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नका. काळसर थर राहू द्या. जुनी चांदी ठिसूळ झालेली असते, बोटांनी वाकवून पाहिली तर तुटते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात हिरवट चिकटा धरतो. तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा, खिडकी उघडी ठेवून आणि चुलीपासून लांब, मग न घासता वाळवा.