छाप्यानंतरची वर्षं : ‘पिटा’ कायद्यातल्या संरक्षणाची पार्श्वभूमी

‘लॉजवर छापा, चार महिलांची सुटका’ अशी दोन इंचांची बातमी मुंबई-ठाण्याच्या पानावर अधूनमधून असतेच. बनावट गिऱ्हाईक पाठवलं, खुणेच्या नोटा दिल्या, इशारा मिळताच पंचांसह पथक आत शिरलं, दलालावर पिटाखाली, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, गुन्हा. शेवटचं वाक्य ठरलेलं : ‘पीडित महिलांची रवानगी सुधारगृहात करण्यात आली.’ दलाल जामिनावर बाहेर येतो तेव्हा अनेकदा ती बाई आतच असते. गुन्हा त्याचा आणि कोंडून ठेवलेली ती, हा उलटा हिशेब कुठून आला?

१९१७ साली मुंबईच्या डंकन रोडवर, म्हणजे आजच्या मौलाना आझाद रोडवर, कुंटणखान्यातून पळून जाऊ पाहणाऱ्या एका बाईचा अमानुष छळ झाला आणि त्यात ती मेली. हा खटला गाजला. कुंटणखाने पोलिसांच्या डोळ्यांदेखत चालतात हे शहराला नवं नव्हतं, पण या प्रकरणानंतर ते नाकारणं सरकारला जड जाऊ लागलं. समिती बसली, आणि १९२३ मध्ये मुंबई प्रांताचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. त्याचा सगळा रोख दलाल आणि कुंटणखाना चालवणाऱ्यांवर होता. तिथून बाहेर पडलेल्या बाईने रात्री कुठे झोपायचं, ही चिंता धर्मादाय संस्थांवर सोडलेली होती. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात अशा स्त्रियांसाठी कृपासदन हा वेगळा विभाग आधीपासून होता. मुंबईत १९२७ पासून श्रद्धानंद महिलाश्रम उभा राहिला. या संस्थांनी खूप केलं, यात शंका नाही. पण त्या काळच्या आश्रमांची एकूण भाषा ‘पतित’ स्त्रीच्या उद्धाराची होती, आणि पुढे सरकारने काम हाती घेतलं तेव्हा भाषा तीच राहिली, वर कुलूप आलं.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांच्या व्यापाराला बंदी केली. ९ मे १९५० रोजी भारताने न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही केली आणि त्याच्या पूर्ततेसाठी १९५६ चा कायदा केला. अंमल सुरू झाला तो १ मे १९५८ पासून. १९८६ च्या दुरुस्तीत त्याचं नाव बदललं, आणि पोलीस ठाण्यापासून वस्तीपर्यंत सगळे ज्याला ‘पिटा’ म्हणतात तो हाच कायदा.

त्यातलं कलम १७ बारकाईने पाहण्यासारखं आहे. सोडवलेल्या बाईला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. दंडाधिकाऱ्याने तिचं वय, चारित्र्य, पूर्वायुष्य आणि घरच्यांची तिला सांभाळण्याची ऐपत यांची चौकशी करायची. परिवीक्षा अधिकारी गृहचौकशीचा अहवाल देणार. मग तिला ‘काळजी व संरक्षणाची गरज’ आहे असं वाटलं, तर संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश : कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. गिऱ्हाईक शोधल्याबद्दल दोषी ठरली तर कलम १०अ खाली सुधारसंस्थेत दोन ते पाच वर्षं. कायद्याच्या हेतूत एक पीडित आणि दुसरी गुन्हेगार. दिवस मोजणाऱ्या बाईला हा फरक कोणत्या खिडकीतून दिसावा? वस्तीत या जागेला सरसकट ‘होम’ म्हणतात आणि ‘होममध्ये टाकलं’ हे ‘आत टाकलं’च्याच सुरात बोललं जातं.

१९८६ च्या दुरुस्तीने काही बऱ्या गोष्टी आणल्या. छाप्यात दोन महिला पोलीस हव्यात, चौकशी महिला अधिकाऱ्याने करावी. घरी पाठवण्याआधी ते घर खरंच तिचं आहे का आणि तिला नीट सांभाळेल का, याची खातरजमा करायचं कलमही होतं. हे कलम कागदी नव्हे. ‘मी तिची मावशी’ म्हणून कोर्टात रेशनकार्ड घेऊन येणारी बाई घरवालीची, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईची, माणूस निघते, हा अनुभव या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवा नाही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा झाली. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईच्या लाल बत्ती भागात मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली-बायका एकदम सोडवल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच नेपाळच्या होत्या. एवढ्या जणींना ठेवायला जागा नव्हती, बोलायला नेपाळी जाणणारं माणूस नव्हतं. त्यांच्या एचआयव्ही चाचण्यांचीच चर्चा जास्त झाली. नेपाळ सरकार नागरिकत्वाच्या पुराव्यावर अडून बसलं. हा पुरावा कुठून येणार? दहाव्या-बाराव्या वर्षी विकलेल्या मुलीकडे कागद नसतो, आणि अनेकदा नावही घरवालीने ठेवलेलं असतं. शेवटी नेपाळमधल्या संस्थांनी पुढाकार घेतला, त्यांत १९९३ साली अनुराधा कोइराला यांनी सुरू केलेली माइती नेपाळ होती. त्या वर्षाच्या जुलैत शंभराहून अधिक मुली काठमांडूला परतल्या. मधले पाच महिने ‘सुटका’ झालेल्या या मुली इथल्या होममध्येच होत्या.

यानंतरचा बदल संसदेपेक्षा कोर्टांतून आला. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेने मुंबईतल्या एका छाप्यानंतर उच्च न्यायालयात धाव घेतली. मुद्दा साधा होता : अल्पवयीन मुलींच्या वतीने कोर्टात उभे राहणारे वकील नेमके कोणाचे? ऑक्टोबर २००२ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं, की दलाल किंवा कुंटणखानेवाल्याचं वकीलपत्र घेतलेल्या वकिलाला त्याच प्रकरणात पीडितेच्या बाजूने उभं राहता येणार नाही. अल्पवयीन मुलीला गुन्हेगार समजायचं नाही, तिला बालकल्याण समितीपुढे न्यायचं. आज हे उघड वाटतं, पण त्यासाठी निकाल लागला.

मोठ्या बायकांचा प्रश्न वेगळाच होता. २००५ साली सांगलीच्या गोकुळनगरात छापा पडला, तेव्हा तिथल्या वेश्या व्यवसायातल्या महिलांच्या संघटनेने जाहीर निषेध केला : आम्ही सज्ञान आहोत, आम्हाला विचारल्याशिवाय आमची सुटका करणारे तुम्ही कोण? यावर कार्यकर्त्यांमध्ये आजही दोन तट आहेत. फसवून आणलेली मुलगी छाप्याच्या दिवशी दलालासमोर खरं बोलत नाही, हे एका बाजूचं म्हणणं खरं आहे. तिला वर्षभर कोंडून ठेवल्याने ती जास्त खरं बोलते असं मात्र मला कुठे दिसलेलं नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्यापुढे मालाडच्या गेस्ट हाऊसमधून नेलेल्या तीन तरुणींचं प्रकरण आलं. खालच्या कोर्टाने त्यांना वर्षभर संस्थेत ठेवण्याचा आदेश दिला होता. हा कायदा वेश्या व्यवसाय स्वतःच गुन्हा ठरवत नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, असं म्हणत त्यांनी तिघींना मोकळं केलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडण्याचे निर्देश दिले. दरम्यान मानवी तस्करीवरचं सर्वंकष विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत न येताच बारगळलं. कलम १७ मधली एक ते तीन वर्षं अजून आहेत.

सीमेपलीकडून आलेल्या बाईला आणखी एक फेरा असतो. नेपाळी स्त्रीला १९५० च्या मैत्री करारामुळे भारतात राहण्याला हरकत नाही. बांगलादेशी स्त्री मात्र पासपोर्ट नसल्याने थेट परकी नागरिक कायद्याखाली आरोपी व्हायची. गृह मंत्रालयाने मे २०१२ मध्ये राज्यांना कळवलं, की फसवून आणलेल्या परदेशी स्त्रीवर असा गुन्हा लावू नये. जून २०१५ मध्ये ढाक्यात दोन्ही देशांचा सामंजस्य करार झाला. त्यानंतरचा मार्ग असा : तिने सांगितलेला गाव आणि बापाचं नाव उच्चायुक्तालयामार्फत बांगलादेशात जायचं, तिथले पोलीस घर शोधणार, होकार आला की प्रवास परवाना, मग पेट्रापोलच्या सीमेवर ताबा. गावाच्या नावाचं एक अक्षर चुकलं तर पत्र ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून परत येतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर मुक्काम होममध्येच.

ही सगळी यंत्रणा तिला परत पाठवायची आहे असं धरून बांधलेली आहे. जिला परत जायची भीती वाटते तिच्यासाठी यात रकाना नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, देशात निर्वासितांचा कायदाही नाही. म्यानमारमधून तस्करांनी आणलेल्या रोहिंग्या मुलीचा पत्ता पडताळायला पाठवायचा कुणाकडे? तिथलं सरकार तिला आपली नागरिकच मानत नाही.