सोलाना : अतिवेगवान ब्लॉकचेनची उभारणी

सोलाना ही कोणालाही खुली असलेली सार्वजनिक ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेली व्यवहारांची खातेवही आहे. तिचे चलन ‘सोल’. मुख्य जाळे १६ मार्च २०२० रोजी ‘मेननेट बीटा’ या नावाने सुरू झाले. बिटकॉइनवर दर सेकंदाला सुमारे ७ व्यवहार होतात, इथेरियमच्या मूळ साखळीवर त्याहून थोडे अधिक. ही मर्यादा ओलांडण्यासाठी बहुतेक प्रकल्पांनी साखळीचे तुकडे केले किंवा तिच्यावर दुसरा थर चढवला. सोलानाने खातेवही एकच ठेवली आणि ती चालवण्यासाठी ताकदवान यंत्रे वापरायचे ठरवले. तिचा सगळा वेग आणि तिच्या बहुतेक अडचणी या एका निर्णयातून आल्या आहेत.

मूळ कल्पना अनातोली याकोवेन्को यांची. क्वालकॉम या कंपनीत त्यांनी बरीच वर्षे मोबाइल यंत्रणांवर काम केले होते. अनेक फोन एकाच लहरीवर बोलू पाहतात तेव्हा प्रत्येकाला वेळेचा ठरावीक तुकडा वाटून दिला की गोंधळ टळतो, हे तिथले रोजचे तंत्र. ब्लॉकचेनमध्ये मात्र विश्वासार्ह घड्याळच नसते. जगभर विखुरलेल्या यंत्रांना कोणता व्यवहार आधी आणि कोणता नंतर, हे ठरवण्यासाठी आपसांत संदेश पाठवावे लागतात आणि वेळ त्यातच जातो. नोव्हेंबर २०१७ मध्ये याकोवेन्को यांनी मांडलेल्या प्रबंधात त्यावर ‘प्रूफ ऑफ हिस्टरी’ हा उपाय होता. कोणत्याही माहितीचा ठरावीक लांबीचा ठसा काढणारे एसएचए-२५६ हे गणित चालवायचे, त्याचे उत्तर पुन्हा त्याच गणितात घालायचे आणि हे अखंड चालू ठेवायचे. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचे उत्तर लागते, त्यामुळे हे काम अनेक यंत्रांत वाटून लवकर उरकता येत नाही. साखळीची लांबी म्हणजे गेलेल्या वेळेचा पुरावा. त्यात मधे एखादा व्यवहार ओवला की त्याचा क्रम कायमचा ठरतो. तपासणी करताना मात्र साखळीचे तुकडे पाडून ते एकाच वेळी तपासता येतात, म्हणून ती झटपट होते. ही सहमतीची पद्धत नव्हे. सहमती ‘टॉवर बीएफटी’ नावाच्या मतदानातून होते आणि तिथे मत देणाऱ्याकडे हमी म्हणून गहाण ठेवलेल्या सोलच्या प्रमाणात मताला वजन मिळते.

ग्रेग फिट्झगेराल्ड यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये हा प्रबंध रस्ट या संगणकभाषेत उतरवायला घेतला. महिना संपायच्या आत त्यांनी १० हजार सह्या केलेले व्यवहार अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळात तपासून दाखवले. सह्या तपासण्याचे काम ग्राफिक्स कार्डावर टाकले तर वेग कितीतरी वाढतो, हे लगोलग स्टीफन ॲक्रिज यांनी सिद्ध केले. याकोवेन्को आणि हे दोघे, तिघेही क्वालकॉमचे जुने सहकारी. पुढे राज गोकल यांनी संस्थापक म्हणून व्यवसायाची बाजू सांभाळली. कंपनीचे पहिले नाव ‘लूम’ होते. पण त्याच नावाचा दुसरा प्रकल्प निघाल्याने ते बदलावे लागले. क्वालकॉममध्ये असताना हे तिघे सॅन डिएगोच्या उत्तरेला सोलाना बीच या किनाऱ्यालगतच्या गावात राहत आणि लाटांवर सर्फिंग करत. नाव तिथून आले.

त्याच वर्षी जुलैमध्ये ५० नोडच्या, म्हणजे साखळी चालवणाऱ्या ५० संगणकांच्या, चाचणी जाळ्याने सेकंदाला अडीच लाख व्यवहारांपर्यंत उसळी घेतली. प्रबंधातला सैद्धांतिक आकडा तर ७ लाख १० हजारांचा होता. खऱ्या वापरात हा वेग काही हजारांवर राहिला आणि त्यातही मोठा वाटा नोडनी सहमतीसाठी दिलेल्या मतांचा असतो, कारण सोलानावर मतसुद्धा व्यवहार म्हणूनच नोंदवले जाते. जाहिरातीतला आकडा वाचताना हा फरक ध्यानात ठेवायलाच हवा.

वेग केवळ घड्याळातून आलेला नाही. पुढचे ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, कोण तयार करणार याचे वेळापत्रक आधीच ठरलेले असते. सुमारे ४०० मिलिसेकंदांच्या एका खेपेला ‘स्लॉट’ म्हणतात आणि एका नोडकडे सलग ४ स्लॉट येतात. ४,३२,००० स्लॉटचा एक ‘इपॉक’ होतो, म्हणजे साधारण दोन दिवस. पाळी कोणाची हे माहीत असल्यामुळे व्यवहार थेट त्याच्याकडेच पाठवले जातात, सगळ्यांनी वाट पाहत थांबायचा सामाईक साठा इथे नसतो. तयार झालेला ब्लॉक बारीक तुकड्यांत फोडून नोडांच्या उतरंडीतून खाली पसरवतात. या पद्धतीचे नाव टर्बाइन. सर्वांत दूरगामी ठरलेली कल्पना मात्र सीलेव्हलची आहे. आपण कोणती खाती वाचणार आणि कोणत्या खात्यांत बदल करणार, हे प्रत्येक व्यवहाराला आधीच जाहीर करावे लागते. ज्यांची खाती एकमेकांत अडकत नाहीत असे व्यवहार प्रोसेसरच्या वेगवेगळ्या गाभ्यांवर एकाच वेळी चालतात. एका सहीचे मूळ शुल्क ५,००० लॅम्पोर्ट. एक लॅम्पोर्ट म्हणजे सोलचा अब्जावा भाग. विखुरलेल्या संगणकांमधील क्रम आणि वेळ यांचा पाया घालणारे शास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्यावरून हे नाव ठेवले आहे आणि ते अगदी योग्य आहे.

या शुल्काच्या स्वस्ताईनेच जाळ्याची खरी परीक्षा घेतली. पाठवायला जवळजवळ काहीच पडत नसेल, तर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, लाखोंनी व्यवहार ओततात. १४ सप्टेंबर २०२१ रोजी एका टोकनच्या, म्हणजे साखळीवर काढलेल्या नव्या नाण्याच्या, विक्रीवर बॉट तुटून पडले, नोडांची स्मृती भरली आणि जाळे सुमारे १७ तास ठप्प झाले. एप्रिल २०२२ च्या अखेरीस एनएफटी, म्हणजे साखळीवर नोंदलेल्या एकमेव डिजिटल वस्तू, घेणाऱ्या बॉटनी पुन्हा तेच घडवले. जून २०२२, त्यानंतरचा सप्टेंबरअखेर, फेब्रुवारी २०२३ आणि ६ फेब्रुवारी २०२४ या वेळीही जाळे थांबले, पण कारणे निराळी होती. कधी आज्ञावलीतली चूक, कधी एकाच नोडची चुकीची मांडणी.

जाळे पुन्हा सुरू कसे करतात, ही प्रक्रिया सोलाना समजून घ्यायला फार महत्त्वाची आहे. दूरून दाबायचे बटण कोणाकडेच नाही. नोड चालवणारे जगाच्या निरनिराळ्या टोकांवरून डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचावर जमतात, शेवटचा निर्विवाद स्लॉट कोणता यावर एकमत करतात, त्या बिंदूची प्रत घेतात, नवी आज्ञावली चढवतात आणि थांबतात. गहाण सोलपैकी ८० टक्के हिस्सा हजर झाला की साखळी पुढे सरकते. या लोकांपैकी बरेच जण एकमेकांना फक्त टोपणनावाने ओळखतात. चाचणी जाळ्याच्या दिवसांत, ‘टूर डी सोल’ या बक्षीस-स्पर्धेतून, मेननेट यायच्या आधीच नोडचालकांची फळी तयार झाली होती. सोलानाच्या उभारणीत रस्टमधल्या आज्ञावलीइतकेच वजन या माणसांना द्यायला हवे. वेग यंत्रांनी दिला, पण बंद पडलेली साखळी दर वेळी उठवली ती त्यांनी.

तांत्रिक दुरुस्तीही याच काळात झाली. व्यवहार स्वीकारण्यासाठी क्विक ही संदेशपद्धत आली, गहाण हिस्सा जास्त असलेल्या नोडकडून येणाऱ्या व्यवहारांना अग्रक्रम मिळू लागला आणि गर्दीचे शुल्क फक्त गर्दी असलेल्या खात्यांपुरते वाढेल अशी व्यवस्था झाली. तरीही एप्रिल २०२४ मध्ये मीमकॉइनच्या, म्हणजे गमतीतून निघालेल्या सट्ट्याच्या नाण्यांच्या, लाटेत, जाळे चालू असूनही लोकांचे व्यवहार मोठ्या प्रमाणात अपयशी ठरत होते.

नोव्हेंबर २०२२ चा आघात तांत्रिक नव्हता. सॅम बँकमन-फ्रीड यांचे एफटीएक्स हे क्रिप्टो चलनांचे एक्स्चेंज आणि त्याची भगिनी कंपनी अलामेडा हे सोलचे मोठे धारक आणि इथल्या कित्येक प्रकल्पांचे पाठीराखे. एफटीएक्स दिवाळखोरीत गेले आणि वर्षभरापूर्वी २५० डॉलरच्या वर गेलेला सोल डिसेंबरअखेर १० डॉलरच्या खाली आला. डीगॉड्स आणि यूट्स या गाजलेल्या एनएफटी संग्रहांनी सोलाना सोडण्याची घोषणा केली. त्यातला यूट्स पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनकडे निघाला. मुंबईत मॅटिक नावाने सुरू झालेला हा प्रकल्प तेव्हा अशा संग्रहांना आपल्याकडे ओढत होता. सोलानावरच्या सीरम या बाजारप्रणालीत बदल करण्याची किल्ली एफटीएक्सशी जोडलेल्या लोकांकडे होती आणि ती कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा उरला नव्हता. डेव्हलपरांनी खुली आज्ञावली उचलली, काही दिवसांत ‘ओपनबुक’ नावाने स्वतंत्र प्रत उभी केली आणि काम चालू ठेवले. त्या पडझडीतली ही सर्वांत ठोस कृती होती. नाताळला आलेल्या बॉंक टोकनचा निम्मा साठा सोलानाच्या वापरकर्त्यांत, कलाकारांत आणि डेव्हलपरांत वाटला गेला. त्याने उमेद थोडी परत आली हे खरे, पण माणसे टिकली ती हाताला काम होते म्हणून.

डेव्हलपर जमवण्याची पद्धत सुरुवातीपासून हॅकेथॉनची, म्हणजे ठरावीक मुदतीत प्रोग्राम बनवण्याच्या स्पर्धांची, होती. त्यातून निवडलेल्या चमूंना अनुदान आणि गुंतवणूक मिळे. आर्मानी फेरान्टे यांनी बनवलेल्या अँकर या साधनसंचाने रस्टमधले किचकट काम बरेच हलके केले. ‘ब्रेकपॉइंट’ या वार्षिक संमेलनाची सुरुवात २०२१ मध्ये लिस्बनला झाली. भारतात सुरू झालेल्या सुपरटीम या समुदायाने लेखक, डिझायनर आणि प्रोग्रामर यांना छोट्या मोबदल्याची कामे देत आपला विस्तार इतर देशांत नेला. इलेक्ट्रिक कॅपिटल या गुंतवणूक संस्थेच्या २०२४ च्या अहवालात नव्या डेव्हलपरांच्या संख्येत सोलाना इथेरियमच्या पुढे गेली. नवे डेव्हलपर देणाऱ्या देशांत भारत पहिला होता.

टीकेचे मुद्दे गंभीर आहेत. नोडसाठी २५६ जीबी किंवा अधिक स्मृती असलेले यंत्र लागते आणि मतांचे शुल्क दिवसाला एक सोलच्या आसपास पोचू शकते. त्यामुळे घरच्या संगणकावर कोणी भागीदार होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एक धोकादायक त्रुटी नोडचालकांना खासगीत कळवून, बहुसंख्य हिस्सा दुरुस्त झाल्यावरच जाहीर केली गेली. जाळे वाचवण्याचा तो शहाणा मार्ग होता. मात्र काही जणांना आतून निरोप देऊन एवढे घडवता येते, तर विकेंद्रीकरण किती, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. शिवाय पंप.फन सारख्या मंचांवर क्षणात निघणाऱ्या मीमकॉइनांत असंख्य सामान्य लोकांचे पैसे बुडाले आहेत. साखळीचा वेग आणि स्वस्ताई या व्यवहारांनाही तितकीच उपयोगी पडली.

सगळे नोड एकच आज्ञावली चालवत असतील तर एका चुकीने सगळेच पडतात. म्हणून जंप क्रिप्टो या कंपनीने २०२२ मध्ये सी भाषेत ‘फायरडान्सर’ ही स्वतंत्र आज्ञावली हाती घेतली. तिचे संमिश्र रूप ‘फ्रँकेनडान्सर’ २०२४ मध्ये मुख्य जाळ्यावर आले. मूळ आज्ञावली आता ‘अगावे’ नावाने आन्झा ही कंपनी सांभाळते. सोलाना लॅब्स या मूळ कंपनीतून बाहेर पडलेल्यांनीच २०२४ च्या सुरुवातीला ती स्थापन केली. सप्टेंबर २०२५ मध्ये नोडचालकांनी ‘अल्पेनग्लो’ हा सहमतीचा नवा आराखडा मोठ्या बहुमताने स्वीकारला. व्यवहार सुमारे १५० मिलिसेकंदांत पक्का व्हावा हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यात टॉवर बीएफटी आणि ज्या कल्पनेवर सोलानाचा प्रबंध उभा होता ती प्रूफ ऑफ हिस्टरी, दोन्ही काढून टाकायचे ठरले आहे.