न्यायमूर्तींच्या नेमणुकीमुळे नेमकी किती मतं फिरतात?

अमेरिकेतल्या 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल एक वाक्य अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं: दर पाच मतदारांपैकी एकाने सर्वोच्च न्यायालयाकडे बघून मत दिलं. आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा.

आधी पार्श्वभूमी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्ती असतात आणि त्यांची नेमणूक तहहयात असते. नाव अध्यक्ष सुचवतो, मंजुरी सिनेट देते. आपल्याकडे 1993 पासून ही निवड कॉलेजियम करतं, त्यामुळे हा मुद्दा आपल्या मतदाराच्या हाती येतच नाही. 13 फेब्रुवारी 2016 ला न्यायमूर्ती स्कालिया वारले. ओबामांनी मेरिक गारलँड यांचं नाव दिलं, पण रिपब्लिकन सिनेटने सुनावणीच घेतली नाही. जागा निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली. ट्रम्प यांनी तर संभाव्य न्यायमूर्तींची यादीच जाहीर केली.

एक्झिट पोलमध्ये 21 टक्के लोकांनी ही नेमणूक ‘सर्वांत महत्त्वाचा मुद्दा’ असल्याचं सांगितलं. त्यांच्यातले 56 टक्के ट्रम्प यांच्याकडे होते, 41 टक्के क्लिंटन यांच्याकडे. फरक 15 चा. 0.21 गुणिले 15 म्हणजे 3.15, म्हणून न्यायालयाने ट्रम्प यांना तीन टक्क्यांची आघाडी दिली, असा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब फसतो, कारण त्या 56 टक्क्यांतले बहुतेक जण पक्के रिपब्लिकन होते. जागा रिकामी नसती तरी त्यांनी तिथेच मत दिलं असतं. आधी पक्ष ठरतो आणि कारण विचारलं की पक्षाच्या प्रचारातलं कारण ओठांवर येतं. शिवाय प्रश्नातच मुद्दा सुचवला की ‘हो, महत्त्वाचा’ म्हणणारे वाढतात. ‘देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न कोणता?’ असं मोकळं विचारलं, तर न्यायमूर्तींचं नाव क्वचितच कोणी घेतं.

मग प्रभाव मोजायचा कसा? कॉनजॉइंट प्रयोग ही मला सर्वांत देखणी वाटणारी पद्धत. दोन काल्पनिक उमेदवार समोर ठेवायचे. कर, आरोग्यविमा, गर्भपात, न्यायमूर्ती कसे नेमणार, असे त्यांचे गुण संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटायचे. उत्तर देणारा एक उमेदवार निवडतो, की पुढची जोडी. प्रत्येकाला अशा पाच ते दहा जोड्या दाखवायच्या. मग फक्त ‘न्यायमूर्ती’ हा गुण बदलल्यावर निवडीचं प्रमाण सरासरी किती बदललं ते बघायचं. बाकीचे गुण यादृच्छिक असल्याने त्यांचा प्रभाव सरासरीत विरून जातो. गफलत होते ती उमेदवाराचा पक्ष लिहायचा राहिला की. लोक न्यायमूर्तींच्या पसंतीवरून पक्षाचा अंदाज बांधतात आणि पक्षाचा प्रभाव न्यायमूर्तींच्या खात्यावर जमा होतो. पक्ष दाखवला की तो आकडा आक्रसतो.

उरलेला परिणाम छोटा असला, तरी क्षुल्लक नसतो. 2016 मध्ये निकाल ठरवणाऱ्या विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत मिळून सुमारे 1 कोटी 39 लाख मतं पडली, आणि तिन्हींमधली ट्रम्प यांची आघाडी एकत्र केली तर जेमतेम 78 हजार. म्हणजे 39 हजारांहून थोडी जास्त मतं फिरली असती, तर निकाल उलटला असता. हे प्रमाण साधारण 0.28 टक्के. हजार जणांच्या पाहणीत चूक ±3.1 टक्क्यांची असते. ती वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणून ±0.3 पर्यंत आणायला एक लाखाहून जास्त माणसं लागतात. त्यामुळे ‘न्यायालयानेच निवडणूक जिंकून दिली’ असं ठामपणे सांगणारा विश्लेषक आणि ग्रहदशेवरून निकाल सांगणारा ज्योतिषी, दोघांकडेही तेवढा पुरावा नसतो.

2020 मध्ये निसर्गानेच एक प्रयोग मांडला. 18 सप्टेंबरला न्यायमूर्ती गिन्सबर्ग वारल्या. त्याच मतदारांना आधी आणि नंतर विचारून फरक काढता येतो, पण खिडकी फार अरुंद होती: 29 तारखेला पहिली वादचर्चा झाली आणि 2 ऑक्टोबरला ट्रम्प यांना कोविड झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतरचा बदल कशामुळे झाला हे वेगळं काढता येत नाही. 26 ऑक्टोबरला गिन्सबर्ग यांच्या जागी बॅरेट यांची नेमणूक सिनेटमध्ये 52 विरुद्ध 48 मतांनी मंजूर झाली, तोवर सुमारे सहा कोटी लोकांचं मतदान होऊन गेलं होतं. त्यांचं मत या मंजुरीमुळे बदलणं शक्यच नव्हतं, म्हणून अशा पाहणीत पहिला प्रश्न ‘तुम्ही मत दिलंत का, आणि कोणत्या तारखेला?’ हाच हवा.