स्टील की ॲल्युमिनियम? मातीवरच्या कार्टचा मागचा ॲक्सल

अमेरिकेतल्या मातीच्या ओव्हल ट्रॅकवर धावणाऱ्या कार्टला, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीला, ना सस्पेन्शन असतं, ना डिफरन्शियल (वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा). मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर आवळलेली. वळणं सगळी डावीकडची; मागचं डावं, म्हणजे आतलं चाक हलकं झाल्याशिवाय गाडी मोकळी वळत नाही. उजवा टायर घेराने मोठा ठेवतात तो याचसाठी. ॲक्सल किती लवतो, यावरही ते ठरतं.

सव्वा इंची ॲक्सल स्टीलचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा, हा प्रश्न अनेकजण वजनाचा समजतात. गल्लत तिथेच होते. स्टीलचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे धातूच्या ताठपणाचं माप, सुमारे 200 गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा 70. माप तेच असेल तर ॲल्युमिनियम तेवढ्याच भाराला जवळजवळ तिप्पट लवतं. हलकं असतं हे खरं, पण ताठपणासाठी भरीव दांडा घेतला की तो मीटरला सुमारे 2.2 किलो भरतो. एक सूत (1/8 इंच) जाडीची स्टीलची नळीही तेवढीच भरते. आणि दांड्याचा ताठपणा नळीच्या 60 टक्केही नसतो! बाहेरचा व्यास बेअरिंगने बांधलेला, म्हणून ॲल्युमिनियमला वाढायला जागाच उरत नाही. तेव्हा ते घ्यायचं ते लवण्यासाठी.

स्टील भार चटकन बाहेरच्या टायरवर टाकतं. ट्रॅक गुळगुळीत झाला असेल तर त्या झटक्याने टायरची पकड सुटू शकते; तिथे ॲल्युमिनियम भार हळूहळू चढवतं. ओल्या, चिकट मातीत मात्र लवणारा ॲक्सल आतलं चाक जमिनीवरच ठेवू शकतो. मग दोन्ही चाकं एकमेकांना अडवतात आणि वळणात इंजिनचा आरपीएम पडतो.

‘कडक’ आणि ‘ताठ’ यांतही घोटाळा होतो. पाणी देऊन कडक केलेलं स्टील जास्त भार सोसून पुन्हा सरळ होतं, पण लवतं मऊ स्टीलइतकंच. लवणं बदलायचं तर नळीची जाडी बदला. किंवा हब (ॲक्सलवरचा, चाक धरणारा भाग) सरकवा: बेअरिंगपासून चाकापर्यंतचं अंतर 250 मिमीवरून 275 केलं, तर लवणं 33 टक्क्यांनी वाढतं. मागची रुंदी बदलते, हे मात्र लक्षात ठेवा.

ॲल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. ॲक्सलच्या प्रत्येक फेऱ्यात ताण उलटसुलट होतो आणि तडा हब अडकवणाऱ्या चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून किंवा बेअरिंगच्या ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) पडलेल्या खड्ड्यातून सुरू होतो. या जागा दर शर्यतीनंतर पुसून भिंगाने पाहा. मग ॲक्सल व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवून डायल गेजने आउट, म्हणजे वाकडेपणा, मोजा. वाकलेला ॲल्युमिनियमचा ॲक्सल ठोकून सरळ करू नका, बदला.

नवा ॲक्सल घालताना बेअरिंगचे बोल्ट आधी सैल ठेवा, ॲक्सल हाताने मोकळा फिरू द्या, मगच आवळा. टायरचा घेर आणि हवा तीच ठेवून दहा फेऱ्या मारा. मग जुना ॲक्सल परत बसवून पुन्हा दहा मारा. मधल्या वेळात ट्रॅक किती बदलला, ते जुन्या ॲक्सलच्या आधीच्या आणि आताच्या फेऱ्यांतल्या फरकावरून कळतं.