‘अ‍ॅडमिट’नंतरचा ‘टू’ आला कुठून?

‘ही अ‍ॅडमिटेड द थेफ्ट’ की ‘ही अ‍ॅडमिटेड टू द थेफ्ट’? इंग्रजीत बातमी किंवा अर्ज लिहिताना मराठी माणूस इथे हमखास थबकतो. दोन्ही रचना चालतात, पण त्या आल्यात दोन वेगळ्या वाटांनी.

‘अ‍ॅडमिट’चं मूळ लॅटिन ‘आद्मित्तेरे’, म्हणजे आत येऊ देणे. त्या अर्थाचा ‘टू’ अजून शाबूत आहे: ‘अ‍ॅडमिटेड टू हॉस्पिटल’. आपण ‘हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट केलं’ म्हणतो, म्हणून इंग्रजी लिहितानाही हात ‘इन’कडे वळतो. एखादी गोष्ट खरी म्हणून मान्य करणे हा अर्थ नंतरचा. त्याला प्रीपोझिशनची गरज नव्हती. चोरी थेट कर्म म्हणून येई.

‘अ‍ॅडमिट’सारखाच कबुलीचा अर्थ असलेल्या ‘कन्फेस’ची घडण मात्र चर्चमध्ये झाली. 1215 मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने कळत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापांची कबुली देणं बंधनकारक केलं. इथला ‘टू’ ऐकणाऱ्याचा: ‘कन्फेस टू अ प्रीस्ट’. पुढे ‘कन्फेस टू अ क्राइम’ही रूढ झालं आणि तोच ‘टू’ गुन्ह्यालाही लागला. मराठीत हा घोळ होतच नाही. ‘पोलिसांपुढे खुनाची कबुली दिली’ यात ऐकणारा ‘पुढे’ने आणि गुन्हा ‘ची’ने वेगळा राहतो. माझ्या मते आपल्या गोंधळाचं खरं कारण इथेच आहे.

भारतात ऐकणाऱ्याच्या या ‘टू’ला मोठं वजन आलं ते 1872 च्या पुरावा कायद्याने. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेल्या या कायद्याच्या कलम 25 नुसार, ‘टू अ पोलीस ऑफिसर’ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तोच जबाब मॅजिस्ट्रेटपुढे रीतसर आणि स्वेच्छेने दिला, तर तो पुरावा ठरू शकतो. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्येही पोलिसांपुढच्या कबुलीची ही तरतूद कायम आहे. कबुलीजबाब कशाला म्हणायचं, हे प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिशकाळातल्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी 1939 मध्ये पाकला नारायण स्वामी खटल्यात सांगितलं. त्या वाक्यात ‘अ‍ॅडमिट’ला थेट ‘द ऑफेन्स’ जोडलेलं आहे, मधे ‘टू’ नाही. कायद्याच्या लिखाणात मला हीच रचना नेटकी वाटते.

‘अ‍ॅडमिट टू’ मुख्यतः चूक, गुन्हा, भीती अशा अडचणीच्या गोष्टींबरोबर शोभतं. ‘अ‍ॅक्नॉलेज’ला ‘टू’ लावून चूक जोडता येत नाही. ‘कन्सीड टू’ केलं तर अर्थच बदलतो: कुणापुढे तरी नमतं घेणे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या ‘टू’नंतर क्रियापद आलं की. ‘टू गो’, ‘टू ईट’ घोकलेले असल्यामुळे ‘अ‍ॅडमिटेड टू स्टील’ लिहिलं जातं. जुन्या इंग्रजीत ‘टू गो’मधला ‘टू’सुद्धा प्रीपोझिशनच होता, काळाच्या ओघात तो क्रियापदाची खूण होऊन बसला. ‘अ‍ॅडमिट’नंतरचा ‘टू’ मात्र प्रीपोझिशनच राहिला, म्हणून त्यापुढे नामासारखं रूप लागतं: ‘अ‍ॅडमिटेड टू स्टीलिंग’.